जमिनीपासून मोजलेलं पाणी

६ एप्रिल

फूटपट्टी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड. फोनवर तू मला बंद केलंस त्याला दोन वर्षं होतील, म्हणून हा कागद. पत्ता कुठून मिळाला असं तू आधी विचारशील, तर सांगतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाने दिला. तुझ्या आईने मामाला बोलावलं होतं, मामाने मला पाठवलं. दार उघडून काकूंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, "मामा नाही आले?" एवढं विचारलं आणि आत निघून गेल्या. फ्रिजवर तुझं पाकीट पडलं होतं. वायसर बदलता बदलता मागचा पत्ता पाठ केला. चोरी म्हण हवं तर.

आता खरी बातमी. तुझा हा कॉलेज सोडलेला, नळ दुरुस्त करत फिरणारा काडेपेटी सध्या शहर कृती दलाचा सभासद आहे. हसू नकोस. पालिकेने अकरा माणसांचं दल नेमलंय. शहराला पुढची पन्नास वर्षं पुरतील अशी कामं सुचवायची आणि त्यातलं एक यंदा पावसाआधी उभं करायचं. पंचविशीच्या आतला एक सभासद हवा होता. अर्ज एकच आला. माझा.

अध्यक्षबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, अजून घंटा वाजल्यासारख्या बोलतात. पालिकेचे अभियंता साहेब दर वेळी भिंतीवर चित्रं दाखवतात, म्हणून मी त्यांना पडदेसाहेब म्हणतो, अर्थात मनात. चौदा कामांमधून एक निवडलं गेलं आहे. बाजाराच्या मोठ्या छताचं पाणी पाइपांनी नेऊन विहिरींत सोडायचं. बाजार मधोमध आहे, त्यामुळे पाणी चढावरच्या विहिरींना देता येईल किंवा उतारावरच्या. दोन्हीकडे पुरेल एवढा पाइप नाही. ज्या बाजूचं पाणी जास्त खोल गेलंय, तिला द्यायचं असं ठरलं.

मग मोजमाप कुठून आणणार? मी हात वर केला. म्हटलं, आहे, आमच्या कॉलेजचा अडतीस विहिरींचा अहवाल आहे, तोही याच महिन्यातला, दोन वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी प्रत नेऊन दिली. पडदेसाहेबांनी पहिलं पान भिंतीवर टाकलं आणि तुझं नाव दोन फूट उंच झालं. अकरा माणसं ते वाचत होती. खाली बारीक अक्षरात माझंही होतं.

चढावरच्या एकोणीस विहिरी तुझ्या, सरासरी सोळा फूट. उतारावरच्या एकोणीस माझ्या, साडेसतरा. दीड फुटाने आमचा उतार जिंकला. आमच्या गल्लीत मला खांद्यावर घ्यायचेच बाकी होते. अंतिम सह्या ४ मेच्या बैठकीत.

उत्तर दे. नुसतं 'पोचलं' लिहिलंस तरी चालेल.

तुझा (हे खोडत नाही)
काडेपेटी


१३ एप्रिल

फूटपट्टी,

सात दिवस झाले. टपाल दोन दिवसांत पोचतं, मी चौकशी केली आहे.

कालची बैठक सगळ्यांना खुली होती. काकू आल्या होत्या. मागच्या बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे आठवड्यातून दोनदा टँकर येतो. मी या गुडघ्यांनी दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवते. आणि पाणी खालच्यांना देताय?"

पडदेसाहेब म्हणाले, "बाई, आकडे आहेत. आकड्यांपुढे मी काय करणार?"

"कोणाचे आकडे?"

साहेबांनी पान पुन्हा भिंतीवर टाकलं. काकूंनी तुझं नाव वाचलं आणि खाली बसल्या. चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. बाहेर पडताना माझ्यापाशी थांबल्या. "तिनेच मोजलंय म्हणजे बरोबरच असणार," म्हणाल्या. "चूक असती तर तिने मला सांगितलं असतं."

मी मान हलवली.

आज सकाळी मामा आणि मी छापखान्यात गेलो होतो. बाजाराच्या खालच्या अंगाला तळघरातला छापखाना आहे ना, तोच. छापखानेवाले आजोबा म्हणाले, कुठेतरी पाइप गळतोय, भिंत ओली आहे, कागदाचे गठ्ठे खालून फुगायला लागलेत. आम्ही सगळे पाइप तपासले. थेंब नाही. मामाने शेवटी भिंतीवर पंजा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, डॉक्टर कपाळावर ठेवतात तसा.

"नळाचं पाणी टपकतं," तो म्हणाला. "ही भिंत घामेजलीय. हे जमिनीचं पाणी आहे."

"उन्हाळ्यात?" आजोबा म्हणाले. "नऊ फूट खोल तळघरात?"

छापखान्याच्या दारातच सत्तावीस नंबरची विहीर आहे. मी टेप सोडली. साडेचौदा फूट. अहवालात आहे तेवढंच, इंचाचा फरक नाही. मग भिंत ओली का?

एक विचारायचं होतं. सहज. तू मापं कुठून घ्यायचीस? म्हणजे टेपचा शून्य कुठे धरायचीस? मला आठवत नाही म्हणून विचारतोय.

काडेपेटी


१९ एप्रिल

तू उत्तर देणार नाहीस, कळलं. मी दोन पत्रं लिहिली, दोन्ही पोचली असणार. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण हे आता आपल्या दोघांपुरतं राहिलेलं नाही.

सरळ लिहितो. अहवालात गडबड आहे. तू विहिरीचं माप जमिनीपासून धरलंस, मी कठड्यापासून. चढावर कठडे नावालाच आहेत, आणि होते तिथे तू त्यांची उंची वजा केलीस. उतारावर रस्त्याचं पाणी आत जाऊ नये म्हणून कठडे बांधलेत ते कंबरेच्या वर. सरासरी साडेतीन फूट. ते वजा केलं की माझे साडेसतरा चौदावर येतात. खरी कोरडी बाजू चढाची आहे. पाणी तुमचं आहे.

आणि नुसतं चुकीच्या दारात जाणार असतं तरी एक वेळ गप्प बसलो असतो, खोटं कशाला बोलू. छापखान्यापाशी पाणी जमिनीपासून अकरा फुटांवर आहे आणि तळघराची फरशी नऊवर. बाजाराच्या छताचं सगळं पाणी त्या विहिरीत सोडलं तर पहिल्या आठवड्यात आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहतील. त्या ओळीत अशी सात तळघरं आहेत. एकात शिवणकाम करणाऱ्या बायका बसतात.

काल पडदेसाहेबांना गाठलं. म्हटलं, साहेब, एकदा परत मोजून घेऊ या का? दोन वर्षांत फरक पडला असेल. हळूच, आडून.

त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "अहवालात दोष आहे का?"

"तसं नाही..."

"असेल तर लेखी दे. कोणाची चूक, काय चूक. पहिलं नाव ज्या मुलीचं आहे ती आता कुठे असते?"

तू कुठे असतेस ते मला माहीत आहे. पाण्याच्याच संस्थेत. याच अहवालावर तुला बक्षीस मिळालं, तिथलं कामही याच अहवालावर मिळालं. मी म्हटलं, दोष नाही साहेब. आणि बाहेर येऊन सायकलला लाथ घातली. अंगठा सुजलाय. मामा म्हणतो, "सायकलने काय केलं होतं?"

म्हणून तुला विचारतोय. तुझी परवानगी हवी. तू 'हो' म्हणालीस तर उभा राहतो, 'नको' म्हणालीस तर गिळतो. पण काहीतरी म्हण! ही आपली चूक आहे, दोघांची. कुठून मोजायचं ते आपण कधी बोललोच नाही.

४ तारखेला फक्त पंधरा दिवस आहेत. बाजारामागे पाइपही येऊन पडलेत.

काडेपेटी


२७ एप्रिल

फूटपट्टी,

मागच्या पत्रात मी 'आपली चूक' लिहिलं. ते खोडतो.

चार वेळा हे पत्र लिहायला बसलो आणि चार वेळा त्यात तुझ्यावर चिडलो. तुझ्यावर चिडणं मला नळाच्या आट्यासारखं सोपं झालंय, हात लावला की फिरतं. या वेळी चिडणार नाही, निदान प्रयत्न करतो.

शेवटचा दिवस आठव. माझी एक विहीर उरली होती, छापखान्यासमोरची. तू तुझ्या संपवून खाली आलीस. "दे, मी घेते," म्हणालीस आणि टेप सोडलीस. चौदा फूट सहा इंच. मग तू टेप वर ओढलीस आणि तेच टोक कठड्याच्या बाहेरच्या अंगाने खाली जमिनीला लावलंस. कठडा मोजलास. वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी करायला लागलीस.

मी बघत होतो. त्या क्षणी कळलं मला. माझ्या आधीच्या अठरा विहिरी चुकल्या आहेत हे मला तिथेच, तेव्हाच, लख्ख कळलं. दोन वर्षांनी छापखान्याच्या भिंतीने नाही शिकवलं.

तोंड उघडणारच होतो. तेवढ्यात वजाबाकी अर्धी ठेवून तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "एक सांगायचं होतं. मला त्या पाण्याच्या संस्थेत प्रवेश मिळाला. जूनमध्ये जाणार."

मिळाला. म्हणजे अर्ज केला होतास, परीक्षा दिली होतीस, मुलाखत झाली होती, आणि हे सगळं मला न सांगता. पुढचं तुला माहीत आहे. मी काय काय बोललो ते परत लिहीत नाही, लाज वाटते. टेपचं पितळी वजन तोडून विहिरीत फेकलं. तू वही माझ्या हातात देऊन निघून गेलीस.

तुझी ती अर्धी वजाबाकी मी पूर्ण केली नाही. तक्त्यात साडेचौदा लिहिलं, इतर अठरांसारखंच. सगळे सारखे चुकले की कोणाला कळत नाही.

आता खरं कारण. चूक सांगितली असती तर एकोणीस कठडे मोजायला आपल्याला आणखी तीन-चार दिवस बरोबर फिरावं लागलं असतं. तू थांबली असतीस, तुला ओळखतो मी. पण तू वजाबाकीसाठी थांबली असतीस. मला ते दिवस भीक म्हणून नको होते. एवढ्या माजापायी मी गप्प राहिलो.

आणखी एक. तोंडी परीक्षेत सरांनी माझ्या घरच्यांबद्दल काहीतरी बोलल्यामुळे मी फाइल फेकून निघालो, असं मी सगळ्यांना सांगितलंय. मामाला तर ते इतकं खरं वाटतं की तो अजून त्या सरांच्या घरचं काम घेत नाही. सर काहीच बोलले नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तोही हसून. "माप कुठून धरलंत?" तू आदल्या बॅचमध्ये उत्तर देऊन गेली होतीस. माझ्यापुढे दोन रस्ते होते, खरं बोलायचं किंवा भडकायचं. भडकणं मला येतं.

कॉलेज मी या प्रश्नापायी सोडलं. आणि हा अहवाल दलासमोर नेला कोणी? मीच. तुझं नाव कुठेतरी मोठ्या अक्षरात बघायचं होतं म्हणून. त्या नादात सात तळघरं विसरलो.

तुझी परवानगी मागितली तेही खोटंच होतं. तू 'नको' म्हणावंस अशी आशा होती, म्हणजे गप्प बसण्याचं पाप तुझ्या नावावर गेलं असतं. आता मागत नाही. ४ तारखेला मी उभा राहणार आहे. तुला कळवतोय, एवढंच.

काडेपेटी


३ मे

आज तुमच्याकडे गेलो होतो. नळ चांगला आहे, कामाला नव्हतो गेलो. उद्या तुझ्या नावाला धक्का बसेल असं काहीतरी मी बोलणार, ते काकूंना आधी सांगावं म्हणून.

जिन्यातच भेटल्या. टँकर नुकताच येऊन गेला होता. दोन बादल्या, एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी. मी बादल्या घेतल्या. दारात त्या म्हणाल्या, "ठेव इथे. आणि उद्या सह्या झाल्या की मला सांगायला येऊ नकोस. कळेल मला."

तोंडाशी आलेलं सगळं तिथेच राहिलं. "बरं" म्हणून उतरलो. शूर आहे मी फार.

हे पत्र टाकतोय, पण तुला मिळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.


५ मे

फूटपट्टी,

जसं झालं तसं लिहितो.

सह्यांचा कागद माझ्याकडे सातव्या क्रमांकाला आला. सहा सह्या झाल्या होत्या. मी पेन घेतलं, ठेवलं, आणि उभा राहिलो. पाठ केलेलं भाषण पहिल्या वाक्याला विसरलो. मग नुसतं बडबडलो. कठडे, साडेतीन फूट, तळघरं. चूक माझी, मला तेव्हाच कळली होती, पहिल्या नावाच्या मुलीला मी सांगितली नाही.

मागून आमच्या गल्लीतला किराणावाला ओरडला, "अरे, कोणाच्या बाजूचा आहेस तू?" दुसरा कोणी म्हणाला, "सासरच्या!" सगळे हसले. माझे कान पेटले. नेहमीचा मी असतो तर तिथेच बाक उलटा केला असता. मी टेबलाची कड धरून ठेवली.

पडदेसाहेब लालबुंद. "अठरा तारखेला तुला विचारलं होतं मी! दोष नाही म्हणालास! पाइप पडलेत, खोदाई उद्या, आणि आता सांगतोस? कशावरून आता खरं बोलतोयस?"

खरंच, कशावरून?

तेव्हा अध्यक्षबाईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं. उघडलेलं. "हे माझ्याकडे सतरा एप्रिलला आलं," म्हणाल्या. "मुलाने स्वतः सांगितलं नाही तरच वाचून दाखवा अशी विनंती होती. त्याने सांगितलंय. आता साहेबांच्या शंकेसाठी वाचते."

अक्षर मला दहा फुटांवरून ओळखू आलं.

सतरा एप्रिल. म्हणजे माझं एकोणीसचं पत्र मी लिहिलंही नव्हतं. मी 'सहज' विचारलेल्या त्या एका प्रश्नावरून तू सगळं ओळखलंस आणि बसून वजाबाकी केलीस.

बाईंनी वाचलं: "उतारावरची एकोणीस मापं कृपया वापरू नयेत. माप कुठून धरायचं हे काम सुरू करण्याआधी ठरवायचं असतं. अहवालावर पहिलं नाव माझं आहे, म्हणजे ते ठरवणं आणि शेवटी तपासणं माझं काम होतं. मी घाईत निघून गेले." खाली एक ओळ होती. प्रत तुझ्या संस्थेच्या प्रमुखांना.

मी तुझं नाव वाचवायला तीन आठवडे तडफडत होतो आणि तू ते स्वतःच्या हाताने काढून ठेवलं होतंस.

खरं सांगू? पहिल्यांदा राग आला. मला पंधरा दिवस लटकत ठेवलंस, 'तो स्वतः सांगतो का बघा' म्हणून बाईंना पहाऱ्यावर बसवलंस! घरी येईपर्यंत तुझ्याशी मनातल्या मनात कडकडून भांडलो. कोपऱ्यावर आलो तेव्हा लक्षात आलं, माझ्याआधी ते पत्र कोणाला वाचून दाखवू नका असं तू सांगितलं होतंस. मला माझं बोलायला जागा ठेवली होतीस. दोन वर्षांपूर्वी त्या विहिरीपाशी मी तुला ती ठेवली नव्हती.

निर्णय: खोदाई थांबली. दहा दिवसांत सगळ्या विहिरी परत मोजायच्या. मला दलातून काढलंय, ते योग्यच आहे. पण विहिरी कुठे कुठे आहेत ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही, म्हणून टेप मी धरायची आणि आकडा दुसऱ्याने लिहायचा. तो दुसरा माणूस चढावरचा हवा.

"कोण येतंय?" बाईंनी विचारलं. कोणी हलेना. माझ्याबरोबर कोण फिरणार?

काकू उठल्या. माझ्यापर्यंत आल्या. मला वाटलं थोबाडीत बसणार, मी गालही तयार ठेवला होता. त्या बाईंना म्हणाल्या, "मी येते. याच्या एकट्याच्या हातात टेप द्यायची नाही."

मामाला सरांची गोष्ट आज सांगितली. तो पाना पुसत बसला. मग म्हणाला, "त्यांच्याकडची टाकी कधीपासून गळतेय म्हणे. उद्या जाऊन ये."


१४ मे

फूटपट्टी,

अडतीस झाल्या. आज संपल्या.

किराणावाला माझ्याशी बोलत नाही, आमची निम्मी गल्ली बोलत नाही. छापखानेवाले आजोबा मात्र रोज दोन स्टुलं बाहेर आणून ठेवायचे, एक काकूंच्या गुडघ्यांसाठी, दुसरं कोणासाठी ते बोलले नाहीत. सर घरी भेटले. टाकी नीट करून दिली आणि त्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षाचे फॉर्म जुलैत निघतात." बघू.

तुझ्या संस्थेत काय झालं ते काकू सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. एकदा नुसतं म्हणाल्या, "आहे ती. टिकून आहे." तेवढ्यावर मी त्या दिवशी सहा विहिरी मोजल्या.

सत्तावीस नंबर मुद्दाम शेवटी ठेवली होती. टेपला मामाचा लोखंडी नट बांधलाय, पितळी वजन अजून खालीच आहे. नट पाण्याला लागला, मी आकडा वाचला. चौदा फूट चार इंच. आणि सवयीने टेप गुंडाळायला लागलो.

"थांब," काकू म्हणाल्या.

माझ्या हातातून टोक घेतलं, कठड्याच्या बाहेरून जमिनीपर्यंत सोडलं, वाकवत नव्हतं तरी वाकून बघितलं. "तीन फूट दोन इंच." मग वहीच्या कोपऱ्यात, तू करायचीस तिथेच, तशीच बारीक अक्षरात वजाबाकी केली. अकरा फूट दोन इंच.

"हे कोपऱ्यात लिहायचं कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तिने. फोनवर." वही मिटता मिटता म्हणाल्या, "म्हणाली, शेवटच्या विहिरीवर नीट लक्ष ठेव. तिथे तो घाई करेल."

मी त्यांच्याकडून वही मागून घेतली. कठड्यावर बसलो आणि ती वजाबाकी खालून वर परत एकदा करून बघितली.

बरोबर आहे.